सोड्याच्या नावाचा कौल
कोकमासाठी रातांबे फोडताना तो आंबट वास आला की मला बाबांच्या कोकम सोड्यावर आलेली नोटीस आठवते. तुमच्या सोड्याचं नाव आमच्या नावासारखं आहे, बदला नाहीतर कोर्टात या, असं मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने इंग्रजीत कळवलं होतं. घरातली पहिली पदवी माझी, म्हणून मीच ते वाचलं आणि खटला लढलो तर कारखाना विकावा लागेल हेही स्पष्ट सांगितलं. बाबा म्हणाले, "नावाक देवान कौल दिलेलो आसा. तेका इचारल्याशिवाय सोडूचंय नाय." आम्ही देवळात गेलो. गुरवाने मूर्तीला दोन पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर लढायचं, डावी पडली तर नाव सोडायचं. मग त्याने गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, तुझ्या लेकराक कंपनीन नोटीस धाडली हा..." मागे उभे असलेले गावकरी म्हणाले, "व्हय म्हाराजा." डावी पाकळी पडली. बाबा बराच वेळ हात जोडून उभे राहिले. पायऱ्या उतरताना म्हणाले, "देव पण तुझ्याच कॉलेजात शिकलो की काय गो?" आज नवं नाव माझ्या सहीने नोंदलेलं आहे. जुनी गिऱ्हाइकं मात्र अजून जुन्याच नावाने सोडा मागतात, आणि बाबा त्यांना कधीच दुरुस्त करत नाहीत.