मोडेमची कटकट

राऊटरचा दिवा लुकलुकला की मला आमचा जुना मोडेम आठवतो.

एम.एस्सी.च्या प्रवेशाची यादी इंटरनेटवर लागली होती आणि दोन दिवसांत होकार कळवला नाही तर जागा जाणार होती. माझा लिनक्सवर चालणारा संगणक मात्र काही केल्या जोडला जाईना. मोडेम फोनच्या तारेवरून नंबर लावायचा, सूर काढायचा आणि गप्प व्हायचा. मी लिनक्सचं पुस्तक चाळत होते. शाळेची पायरीही न चढलेली आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "अगं, हे तुझं यंत्र गातंय. आपला फोन लावताना कटकट वाजतं ना?"

मी थबकले. आमच्या गावच्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजला सूर कळतच नव्हते, त्याला ठोके मोजायची सवय. सेटिंगमधलं टोनचं, म्हणजे सुरांचं, 'टी' पुसून मी पल्सचं, म्हणजे ठोक्यांचं, 'पी' लिहिलं. कटकट झाली, मग खरखर, आणि दिवा स्थिर झाला.

किती जणांना मी असंच त्यांना न कळणाऱ्या आवाजात हाका मारल्या असतील, आणि त्यांनाच मुकं ठरवलं असेल?

यादीत माझं नाव होतं. पडद्यावर बोट ठेवून मी ते आईला दाखवलं, होकारही पाठवला. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "आता फोन मोकळा कर बाई, मावशीला सांगू दे."