मेतकुटाच्या पाकिटावरची नथ

कोलकात्यातल्या भवानीपूरच्या आम्ही सहा मराठी बायकांनी मेतकूट विकायला घेतलं, त्याला आता काही वर्षं झाली. डबे रिकामे होतात, पण त्या ट्रेडमार्कच्या अर्जाचे किस्से मात्र साठतच जातात! परवा एका मैत्रिणीने तिच्या लोणच्यासाठी अर्ज कसा करायचा म्हणून विचारलं. तिला नियम सांगायला बसले आणि हेच सांगत सुटले.

* * *

अर्ज करावा लागला तो बडाबाजारातल्या एका व्यापाऱ्यामुळे. त्याने आमच्या पाकिटावरचंच चित्र उतरवून आपलं पाकीट काढलं. तीच नथवाली बाई, आणि आत निव्वळ डाळीचं पीठ! गिऱ्हाइकं आम्हाला बोल लावू लागली. चिन्ह आमच्या नावावर झालं नाही तर सगळं बंद करावं लागणार, हे दिसत होतं.

शेजारचे घोषबाबू, निवृत्त वकील, आपणहून धावून आले. फी विचारली तर म्हणाले, "दिदी, गरम भात आणि तुमचं ते पिवळं पीठ!" आजही नव्या दळणाचा पहिला डबा त्यांच्याकडे जातो.

* * *

आम्ही नाव ठरवलं होतं 'उत्तम मेतकूट'.

"उत्तम तर सगळेच म्हणतात," घोषबाबू म्हणाले. "तो शब्द एकट्या तुम्हाला कोण देणार? लोक तुम्हाला चित्रावरून ओळखतात. चित्राचा अर्ज करा."

"पण आमचं खरंच उत्तम आहे हो!" आमच्यातल्या गोदूताई म्हणाल्या.

"म्हणून तर मी फुकट काम करतोय!"

* * *

मालकाच्या रकान्यात गोदूताईंनी कुणालाही न विचारता यजमानांचं नाव लिहिलं. घोषबाबूंनी यजमानांनाच बोलावलं. "आप्पासाहेब, मेतकुटात काय काय पडतं?"

आप्पासाहेब बराच वेळ विचार करून म्हणाले, "तूप!"

घोषबाबूंनी ते नाव खोडलं आणि आम्हा सहाजणींची नावं लिहायला लावली. धंदा ज्याचा, अर्ज त्याच्याच नावाने.

* * *

अर्ज भरून झाल्यावर मी, लग्नपत्रिकेला लावतो तसं, त्याच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. घडी घातली, आणि कुंकू नेमकं चित्रातल्या बाईच्या गालावर उमटलं!

कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, "हा लाल रंग चिन्हाचा भाग आहे का?"

"नाही हो," मी म्हटलं, "तो शुभ आहे."

त्या भल्या माणसाने हसू दाबत मला कोरा अर्ज दिला, आणि तो भरेपर्यंत स्वतःची खुर्चीही दिली. तेव्हापासून सगळ्यांना सांगते, हळदकुंकू जरूर लावा, पण घरी ठेवायच्या प्रतीला!

* * *

आमच्या चित्रात एक चूक होती. ठसा करणाऱ्याने चित्र जसंच्या तसं कोरलं, त्यामुळे छापताना ते उलटं पडलं आणि डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडे गेली. अर्जाआधी ती सुधारून घेऊ, असं आम्ही म्हटलं.

"खबरदार!" घोषबाबू ओरडले. "बाजारात जे वापरलंत तेच द्या. चुकीसकट!"

* * *

अर्ज जाहीर झाला तशी त्या व्यापाऱ्याने हरकत घेतली. सुनावणीला आम्ही सहाजणी नऊवारी नेसून, नथी घालून गेलो.

व्यापारी छाती काढून म्हणाला, "साहेब, चित्र माझं. मराठी बायका समोर बसवून, अगदी हुबेहूब काढवून घेतलंय!"

साहेबांनी त्याचं पाकीट हातात घेतलं. मग चष्मा वर करून आमच्याकडे पाहिलं. एक नाक, दुसरं नाक, तिसरं नाक... सहावं झाल्यावर त्यांनी पाकीट हळूच व्यापाऱ्यापुढे सरकवलं.

"आता तुम्ही बघा," ते म्हणाले, "सावकाश."