आधी शेवटचं रान

तळेगाव ढमढेरेच्या पुढे आमची शाळा. तिथे दर शनिवारी मी सातवीच्या मुलांना कॉम्प्युटरवर ठोकळ्यांचा खेळ खेळू देते. घर बांधा, पूल बांधा, हवं ते बांधा. फक्त 'असं झालं तर तसं होईल' हा नियम आधी मला तोंडी सांगा. पोरं तर्क शिकतात आणि त्यांना वाटतं, बाई लाड करतात. हा गैरसमज मी जपून ठेवला आहे.

गावात मात्र बोभाटा झाला, शाळेत गेम चालतो म्हणून. शाळा समितीचे अध्यक्ष आप्पा म्हणाले, "शनिवारी येतो आन् ह्यो तास बंदच करतो." माझा जीव टांगणीला लागला. मुलांना बजावलं, एखादा छानसा पूल दाखवा. त्यांनी नेमकी गावची चारी बांधली. कालव्यातून शेतांकडे निघालेलं पाणी, दोन्ही अंगांना ऊस, प्रत्येक रानाला दार. तोंडाशीच आप्पांचं रान, अगदी हुबेहूब! मी कपाळावर हात मारला.

आप्पा खुर्ची ओढून बसले. आपला ऊस ओळखून खुलले. "व्हय, ह्ये आपलंच की. पण कोरडं का?"

हे बांधणाऱ्यांतली एक मुलगी चारीच्या पार शेवटाला राहते. तिथे पाणी पोचण्याआधी वरची मंडळी दोन-दोनदा भिजवून घेतात. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. ती म्हणाली, "आप्पा, खालचं रान भिजलं तरच वरचं दार उघडतं. तसा नियमच लावलाय."

"आन् मला घाई असली तर? हातानं उघडीन की."

"न्हाई उघडायचं. ते कुणाच्याच हातात न्हाई."

मला तिचा अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी तिच्या तोंडावर हात ठेवावासाही वाटत होता. आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. स्क्रीनवर शेवटापासून एकेक रान हिरवं होत होतं, अगदी सावकाश. शाळा सुटल्याची घंटा झाली, तरी आप्पा हलेनात.

शेवटी मीच विचारलं, "आप्पा, मग तास बंद करायचा का?"

त्यांनी स्क्रीनवरची नजरही काढली नाही.

"थांबा की बाई! अजून माझा नंबर कुठं आलाय?"