इंग्रजीत लिहिलेलं आमचं घर

बार्शीटाकळीहून निघालो तेव्हा अकोल्याला आगगाडी आली नव्हती. बाच्या बैलगाडीत कापसाच्या गाठोड्यांवर बसून मी अमरावतीला गेलो. दूर अमेरिकेत लढाई चालली होती म्हणे, आणि तिच्यामुळे आमच्या काळ्या रानातल्या कापसाला कधी ऐकला नव्हता असा भाव आला होता. त्याच जोरावर बाने मला इंग्रजी शाळेत घातलं. शाळेच्या दारात तो म्हणाला, "पोटभर जेवजो. अन् कोनाचा पोरगा इचारलं त माह्यं नाव मोठ्यानं सांगजो." आणि गाडी वळवून निघून गेला.

तिथून पुढे मी मुंबईच्या कॉलेजात आलो. तुम्ही जे गावी राहिलात, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडलात, तुम्हा सगळ्यांनाच मला एक गोष्ट सांगायची आहे. नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही.

इंग्रजीत विशेषण कुठे ठेवायचं, हे मला लवकर जमेना. आमचे इंग्रजी शिकवणारे साहेब सांगत, ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या शेजारीच तो शब्द बसला पाहिजे. एकदा मी लिहिलं की फाटका अंगरखा घातलेला माणूस दोन बैल हाकतो आहे. पण शब्द भलत्याच जागी पडले आणि अंगरखा बैलांच्या अंगावर गेला. वर्ग हसला. शेजारचा पुण्याचा मुलगा म्हणाला, "काय रे वऱ्हाडी, तुमच्याकडे बैलांना शिंपी असतो वाटतं?" मीही हसलो. काय करणार?

मग मी फार मेहनत घेतली. इंग्रजी पुस्तकांतली विशेषणं वहीत उतरवून पाठ केली. 'माझे घर' हा निबंध आला तेव्हा ती सगळी वापरली. माझा बाप गरीब आणि अडाणी, माझी माय भोळी, दुबळी, आमचं घर म्हणजे मोडकी झोपडी. प्रत्येक शब्द जागच्या जागी. साहेबांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि खाली शाबासकी लिहिली. खोटं लिहिलं असं मला तेव्हा वाटलंच नाही. पुस्तकांत खेड्यातली माणसं तशीच असत. खरं तर आमचं घर धाब्याचं होतं, वर मातीचं सपाट छप्पर, जाड मातीच्या भिंती, उन्हाळ्यात गार. बा कापसाचं बोंड नुसतं चिमटीत धरून त्याचा धागा किती लांब निघेल ते सांगत असे.

सुट्टीत मी घरी आलो, तोवर अकोल्यापर्यंत आगगाडी आली होती. निबंध मी हौसेने बरोबर आणला होता. बाने शेजाऱ्यांना ओट्यावर बोलावलं. मी इंग्रजी वाचलं, सगळे कौतुकाने ऐकत राहिले. मग बा म्हणाला, "आता मराठीत सांग." पहिलंच वाक्य तोंडात आलं आणि मी अडखळलो. विशेषणं गाळत गेलो. माझा बाप शेती करतो. माझी माय घर सांभाळते. आमचं घर मातीचं आहे. एवढंच.

आमचे शेजारी रहीमचाचा गाडी हाकत. ते म्हणाले, "अरे, इंग्रजीत इतना लंबा, अन् मराठीत एवढुसा? बाकीचा सायबानं ठिवून घेतला काय?"

सगळे हसले. बासुद्धा हसला, पण जरा उशिरा.

निघताना मी बाकडे निबंधाचा कागद परत मागितला. तो म्हणाला, "तुले त पाठ असंन. मले कुठं पाठ हाये?" आणि त्याने तो घडी करून फेट्यात खोचला. अकोल्याला कापूस नेताना तो स्टेशनातल्या इंग्रजी जाणणाऱ्या बाबूला हा कागद दाखवणार, हे मला कळत होतं. मुलाचं इंग्रजी ज्याला त्याला दाखवणार. तरी मी बोचकं उचललं आणि निघालो.

तीन महिन्यांनी पत्र आलं. बा सांगत गेला आणि गावच्या गुरुजींनी तसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. "आमी खुशाल हाओ. धाबं काढून घरावर कवेलू टाकले. मायले नवं लुगडं घेतलं. तुह्या सायबाले सांगजो." बाबूने कागदाचा अर्थ त्याला सांगितला होता, हे उघड होतं; पण रागाचा एक शब्द नव्हता. लढाई तोवर संपली होती, भाव उतरले होते. असल्या वर्षी कोणी छप्पर काढून नवी कौलं घालत नाही.

मी खरंच साहेबांकडे गेलो. घरावर कवेलू टाकले, असं त्यांना इंग्रजीत सांगितलं. त्यांना निबंध आठवेना. कोणतं घर, असं त्यांनी विचारलं, आणि मी माफी मागून परतलो.

बाला लिहिलं की साहेबांना सांगितलं, ते फार खूश झाले.

आता घर म्हटलं की मला अजून न पाहिलेलं ते छप्पर दिसतं. पुढच्या सुट्टीत त्याच्याखाली बसून मायच्या हातची भाकर खायची आहे. वर बोट दाखवून बा विचारेल, "कसं झालं?" चांगलं झालं, असं म्हणेन. त्याहून जास्त काही म्हणायला मला कोणत्याच भाषेत येत नाही.