दसऱ्याच्या आत एक गाडी

प्रेसखाली पत्र्याच्या कातरणी साठतात ना, तसे किस्से साठतात. वेळच्या वेळी उचलले नाहीत तर कुणाच्या तरी पायात घुसतात. आमच्या कारखान्यातले किस्से मोशीपासून आकुर्डीपर्यंत पोचलेत आणि सांगणाऱ्यांनी प्रत्येकात मला भोळी म्हातारी करून टाकलंय! म्हणून म्हटलं, आपणच सांगावेत.

मी भोळीबिळी अजिबात नाही. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं स्वतःच्या हिमतीवर. मुलानं टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीतून लिनक्स घातलं. दोनदा सगळं पुसलं गेलं, तरी सोडलं नाही. आज पोरं लाखभर फी भरून जे शिकतात ते मी चुलीवर भाजी ठेवून शिकलेय. भाजी करपली, पण शिकले!

चाकणला गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवणारा एक कारखाना आहे. तिथलं विकतचं सॉफ्टवेअर दरवर्षी महाग होत चाललेलं. मालकांनी मला बोलावलं. ओपन सोर्स सिस्टिम बसवायची आणि कामगारांना ती शिकवायची, असं काम.

"मावशी, सर्टिफिकेट कुठलं आहे तुमच्याकडे?" मालकांनी विचारलं.

"तुम्ही कारखाना चालवताय तो कुठल्या सर्टिफिकेटवर?"

मालक हसले. पुढे वर्ग सुरू झाले, रोहिणी माझ्या हाताखाली आली, तेव्हा मात्र हसत हसत अट घालून ठेवली. "दसऱ्याच्या आत तुमच्या सिस्टिमवर मालाची एक खरी गाडी गेटबाहेर काढून दाखवा. ऑर्डरपासून बिलापर्यंत सगळं त्यातच. निघाली तर जुनं बंद, आणि तुमची रोहिणी सिस्टिम विभागात पर्मनंट. नाही निघाली तर जुनं लायसन्स रिन्यू, आणि रोहिणी परत प्रेसवर."

रोहिणी म्हणजे लातूरकडची पोर, कंत्राटावरची प्रेस ऑपरेटर. वर्गात पहिल्या दिवशी पहिल्या बाकावर बसलेली ती एकटीच. मी तेव्हाच ठरवलं, ही पोरगी प्रेसवर परत जाणार नाही. म्हणजे नाही!

*

शनिवारी पहिली शिफ्ट सुटली की कँटीनमध्ये आमचा वर्ग.

पहिल्याच शनिवारी हशा पिकला. रोहिणी कीबोर्डवरचं एंटर दोन्ही हातांच्या बोटांनी एकदम दाबायची! आमच्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो. एक हात मोकळा राहिला तर तो आत जायचा, म्हणून तशी सोय. तीच सवय इथं आलेली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून एक जुना ऑपरेटर उठला. त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी आहेत. सगळ्या वर्गात न हसलेला तो एकटाच.

"दाब पोरी," तो म्हणाला, "दोन्ही हातांनीच दाब."

पुन्हा कुणी हसलं नाही.

*

आता तापकीर मामा. डिस्पॅचचे. गाड्या भरायच्या, बिलं काढायची, आणि माझ्या वाटेत आडवं पडायचं, ही त्यांची तीन कामं.

जुन्या सॉफ्टवेअरला अंगठ्याएवढा एक डोंगल होता. तो कॉम्प्युटरला लावल्याशिवाय ते उघडायचंच नाही. मामांनी तो काळ्या दोऱ्यात ओवून ताइतासारखा गळ्यात घातलेला. अंघोळीलाही काढत नसतील!

मी ओपन सोर्स समजावून सांगत होते. "गावच्या भंडाऱ्यासारखं आहे. कुणी पीठ आणतं, कुणी गूळ, कुणी लाकडं. जेवायला सगळ्यांना मोकळीक. रेसिपीसुद्धा लपवून ठेवत नाहीत."

मामांनी हात वर केला. "ते समदं खरं, आक्का. पन भंडारा झाल्यावर भांडी कोन घासतंय?"

खरं सांगते, असा नेमका प्रश्न मला इंजिनिअरनंही विचारला नव्हता. फुकटच्या सॉफ्टवेअरची खरी मेख तीच आहे, बसवल्यावर त्याची देखभाल कोण करणार?

"मी आणि रोहिणी," मी म्हटलं.

"बघू की," मामा म्हणाले. आणि पुढे महिनोन्‌महिने बघतच राहिले! गाडी लागली की, "आदी जुन्यात बिल. मंग येळ उरला तर तुमच्यात." वेळ कधी उरलाच नाही. रोहिणी बिचारी प्रत्येक गाडीचं सगळं आमच्या सिस्टिममध्ये बिलापर्यंत भरून ठेवायची, आणि गाडी जुन्या बिलावर निघून जायची.

*

मध्येच मालकांना ट्रेंडची हौस आली. हिंजवडीहून एक ट्रेनर बोलावला. विषय : येत्या काळातलं सॉफ्टवेअर, क्लाउड आणि एआय. हे ट्रेंड मला दिवाळीतल्या साड्यांसारखे वाटतात. दरवर्षी नवं नाव, पोत तोच!

पोरगा हुशार होता हो. फक्त आला गुरुवारी. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट घालवतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. प्रोजेक्टर बंद. वायफाय बंद. त्याच्या सगळ्या स्लाइड क्लाउडवर. तो मोबाइल हातात धरून खिडकीपाशी रेंज शोधत उभा.

वर्ग भरलेला होता. लोक शिफ्ट करून आलेले, त्यांना परत कसं पाठवायचं? मी पत्र्याची एक मोठी शीट भिंतीला टेकवली आणि खडूनं शिकवायला सुरुवात केली. एकाच फाइलमध्ये दोघांनी बदल केले तर कुणाचं ठेवायचं, कुणाचं पुसायचं, ते. शेवटी तो पोरगाही बाकावर बसून लिहून घ्यायला लागला.

जाताना म्हणाला, "मॅडम, ग्रेट! तुमचा स्टॅक कोणता? म्हणजे कुठकुठली टूल्स वापरता?"

"आज? खडू."

*

वांग्यांचा किस्सा सगळे सांगतात, पण अर्धाच सांगतात.

वर्गाला मी सरावाची वेगळी सिस्टिम दिलेली. "काहीही लिहा, खरं काही होत नाही," असं सांगितलेलं. त्या दिवशी खरेदीच्या ऑर्डरींचा सराव. रोहिणीनं नटबोल्ट पुरवणाऱ्या भोसरीच्या शिंदेंच्या नावावर ऑर्डर टाकली. काय, तर भरताची वांगी, दहा किलो! आणि सरावाच्या सिस्टिमचा ई-मेल सुरूच राहिलेला.

सोमवारी शिंदे टेम्पो घेऊन गेटवर हजर. प्रत्येक पिशवीला ऑर्डर नंबरचं लेबल. सोबत नटबोल्टला जोडतात तसा तपासणी रिपोर्ट : साइज ओके, डाग नाही, देठ शाबूत!

"अहो शिंदे, फोन करून विचारायचं तरी!"

"मावशी, तुमच्या कंपनीची ऑर्डर आजवर कधी परत केली न्हाई. वांग्यावरनं कशाला नाव खराब करू?"

दुपारी कँटीनला भरीत झालं. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं माझ्याकडून ऐका. तापकीर मामांनी दोनदा वाढून घेतलं, बोटं चाटली आणि वर्गासमोर निकाल दिला, "सिस्टिम बरी हाय, आक्का. मीठ कमी हाय."

त्यांनी आमच्या सिस्टिमला बरं म्हटल्याचं मी प्रथमच ऐकलं. त्याच दुपारी मी सरावाचा ई-मेल बंद केला.

*

स्क्रीनवर लाल चौकटीत इंग्रजी आलं की रोहिणीचे डोळे भरायचे. "आजी, हे मला शिव्या द्यालंय का?"

आता ओपन सोर्स म्हणजे काय? पटलं नाही तर बदला! आम्ही दोघी बसलो आणि तो संदेश मराठीत घातला : "चूक झाली. घाबरू नका. तुम्ही भरलेलं जपून ठेवलं आहे. लाल खूण केलेला रकाना बघा."

जगभरातले लोक मिळून ही सिस्टिम लिहितात. त्यांच्याकडे रोहिणीच्या नावानं हा बदल पाठवला. कुठल्याशा देशातल्या एका गृहस्थांचं उत्तर आलं, "मूळ इंग्रजीत तीनच शब्द आहेत. तुमचं एवढं लांब का?"

मी माझ्या इंग्रजीत ठोकून दिलं, "तुमच्या तीन शब्दांनी आमची पोरगी रडली."

दुसऱ्याच दिवशी बदल मंजूर! सिस्टिम घडवणाऱ्यांत लातूरच्या रोहिणीचं नाव लागलं. त्याचा कागद छापून घेऊन मी तरातरा मालकांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी चष्मा लावून वाचलं, दोनदा वाचलं.

"फार छान, मावशी. पण गाडी?"

*

गाडी निघाली ती खंडेनवमीला.

आमच्याकडे त्या दिवशी दुपारी मशीनं थांबतात. धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालतात आणि हत्यारं चौरंगावर मांडतात. फिटरचे पाने, वेल्डरची टॉर्च, क्वालिटीवाल्यांचं माप घ्यायचं व्हर्नियर. मालकांच्या वडिलांपासूनचा नियम आहे, पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही. एका वर्षी मालकांनी स्वतःच्या गाडीची किल्ली पूजेत ठेवली आणि पिंपळे गुरवला रिक्षानं घरी गेले!

आरती झाली. रोहिणी एका कोपऱ्यात प्रसादाचा द्रोण तसाच धरून उभी. उद्या दसरा. मुदत संपल्यातच जमा होती.

तेवढ्यात मालकांचा फोन वाजला. गाड्या बनवणाऱ्या कंपनीचा. आमचे पार्ट संध्याकाळपर्यंत पोचले नाहीत तर त्यांची लाइन थांबणार. माल तयार होता, ट्रक भरलेला होता. राहिलं होतं फक्त बिल, आणि बिलाशिवाय गेट उघडत नाही.

"मामा, पटकन बिल काढा," मालक म्हणाले.

मामांचा हात छातीकडे गेला. गळ्यात काळा दोरा नव्हता.

सगळ्यांनी चौरंगाकडे बघितलं. पाने आणि व्हर्नियरच्या मधोमध, हळदकुंकू लावून, वर झेंडूचं फूल वाहिलेला डोंगल!

"मामा! हे काय?"

"ज्येचं त्येचं हत्यार, मालक. फिटरचा पाना, माजं ह्ये."

मालकांनी हात पुढे केला. मागे घेतला. देवाकडे बघितलं, ट्रककडे बघितलं.

"रोहिणी, बस."

ती बसली. सगळा कारखाना तिच्या खुर्चीमागे. तिनं बटण दाबलं आणि स्क्रीनवर लाल चौकट आली. मी मदतीला पुढे झाले. तिनं मात्र स्वतःचेच शब्द मोठ्यानं वाचले, "चूक झाली. घाबरू नका." गाडीच्या नंबरात एक आकडा चुकला होता. तो दुरुस्त केला. मग दोन्ही हातांनी एंटर.

प्रिंटर सुरू झाला. मामांनी स्वतः कागद ओढून ड्रायव्हरच्या हातात दिला आणि गेटकडे बघून ओरडले, "सोड रं गाडी!"

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली. आपट्याची पानं दिली-घेतली. ज्यानं त्यानं आपापलं हत्यार उचललं. चौरंगावर डोंगल तेवढा राहिला.

"मामा, उचला की तुमचं हत्यार," मी म्हटलं.

मामांनी तो उचलला. कुंकू पुसलं नाही. भिंतीवरच्या देव्हाऱ्यात गणपतीमागे ठेवला आणि हात जोडले.

"ऱ्हाऊ द्या तितंच, आक्का. फुडच्या खंडेनवमीला लागंल."