बोटभर फायटर आणि बोटीएवढा शार्क

मासेवाल्या काकूंचं निम्मं आयुष्य काचेच्या टाक्यांत हात घालण्यात गेलं. दवाखाने, बँका, हॉटेलं, जिथे जिथे शोभेचे मासे, तिथे काकू. नळीने गढूळ पाणी बादलीत सोडायचं, स्पंज पिळायचा, काचेवरचं शेवाळ खरवडायचं. नवरा गेल्यावर हा धंदा त्यांनी एकटीने ओढला.

घरी स्वतःसाठी त्यांनी एकच मासा ठेवला होता, निळा फायटर. असेल बोटभर, पण राग नाकावर. काचेत स्वतःलाच बघून कल्ले फुगवायचा आणि धावून जायचा. "जीव एवढासा, पण रुबाब बघा फौजदाराचा!" काकू कौतुकाने म्हणायच्या.

समुद्राची मात्र त्यांना धडकी भरायची. धाकटी बहीण किनाऱ्यावर राहायची, तिच्या नवऱ्याची मासेमारीची बोट होती. दर भेटीत आग्रह व्हायचा, दर भेटीत काकू टाळायच्या. शेवटी एकदा मेव्हण्यांनी ऐकलंच नाही. "ताई, जन्मभर मासे सांभाळलेत. त्यांचं घर तरी बघा," म्हणत त्यांना बोटीत बसवलं.

उन्हं वर आली होती. जाळं ओढता ओढता बोट एका अंगाला कलली आणि खलाशांनी आरडाओरडा केला. काकूंनी कठडा घट्ट धरून खाली पाहिलं, तर दातखीळच बसली. पाण्यात एक करडी पाठ होती, तिच्यावर पांढरे ठिपके सांडलेले. नजर फिरवावी तिकडे पाठच. डोकं बोटीच्या या टोकाला, शेपूट त्या टोकाच्याही पलीकडे.

"व्हेल शार्क," मेव्हणे म्हणाले. "घाबरू नका, माणसाच्या वाटेला जात नाही. पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. जाळ्यात गुरफटलाय बिचारा, कापून काढू."

"बारीक म्हणजे केवढे?"

"तांदळाच्या कणीएवढे. काही तर दिसतही नाहीत."

काकू बघतच राहिल्या. त्यांचा फायटर याहून मोठा दाणा गिळायचा!

सुऱ्या चालू लागल्या. काकूंची नजर मात्र कल्ल्यांवर खिळली होती. हातभर लांबीच्या पाच चिरा, अडखळत उघडत होत्या, मिटत होत्या. गुदमरलेला मासा त्यांनी कितीदा तरी पाहिला होता.

"आधी कल्ल्यावरचा दोर! श्वास अडलाय त्याचा!"

"दिसतोय हो ताई, पण हात पोहोचत नाही."

काकूंनी पदर खोचला, सुरी मागून घेतली आणि एका खलाशाला म्हणाल्या, "माझे पाय धर." पोटावर पालथ्या पडून त्या अर्ध्याअधिक पाण्यावर लोंबकळल्या. शार्कचं अंग कोपराला घासलं; पॉलिश पेपरच जणू, कातडी सोलून निघाली. एवढ्या मोठ्या डोक्यावर डोळा जेमतेम लिंबाएवढा होता. कल्ल्यातून पाण्याचा लोट आला आणि त्यांचा हात बाजूला ढकलला गेला.

काकूंच्या अंगावर सर्रकन काटा आला. फायटरचा कल्ला हलतो तो काचेला नाक लावल्याशिवाय दिसत नाही. इथे तेच उघडणं, तेच मिटणं, पण हात फेकून देणारं! श्वास तोच, फक्त कुणाला केवढा मिळाला.

दोर तुटला. शेपटीचा तडाखा बसणार म्हणून सगळ्यांनी डोकी खाली घातली. पण शार्कने घाई केलीच नाही. तो सावकाश खाली गेला आणि ठिपके एकेक करून विझले.

"काकू," मागून आवाज आला, "पाय सोडू का आता?"

घरी आल्यावर बहीण कोपराला औषध लावत म्हणाली, "सुटला ना तो सुखरूप? मग एवढं रडायला काय झालं?"

"रडले कुठे गं? मनात मावलं नाही, एवढंच."

पुढच्या उन्हाळ्यात बहिणीकडे येऊन काकूंनी समुद्रात पोहायला शिकायचं मनावर घेतलं. नाकातोंडात पाणी गेलं, गावभर हसं झालं, तरी हटल्या नाहीत. बहीण पाठीखाली हात धरून उभी राहायची.

"इथे किती खोल आहे गं?"

"तुझ्या कमरेएवढं."

"आणि पुढे?"

बहीण समुद्राकडे बोट दाखवायची.