सोनिवलीचा फॅलारोप

सरांनी तारखा सांगितल्या तेव्हा माझ्या तोंडात पोह्यांचा घास होता. बरं झालं. नाहीतर तिथल्या तिथे बोलून बसले असते.

"ऑगस्टचा दुसरा पंधरवडा," सर म्हणाले. "दहीहंडी झाली की निघायचं, गणपतीच्या आधी घरी. तिकडचाही उन्हाळा सरत आलेला असेल, म्हणजे गर्दी नाही. काय मॅडम, बरोबर ना?"

मी मान हलवली. घास चावत राहिले.

सर म्हणजे आमच्या बदलापूरच्या रविवारच्या पक्षी-ग्रुपचे सर्वेसर्वा. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मोठे अधिकारी होते. नोकरीतून निवृत्त झाले, पण साहेबी काही निवृत्त झाली नाही. मी उल्हासनगरला शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळेच्या सहली वर्षानुवर्षं मीच काढल्या, म्हणून या सहलीचं नियोजनही माझ्या गळ्यात पडलं. आम्ही पाचजण जाणार होतो: सर, बँकेतून निवृत्त झालेल्या ताई, खरवईचं डॉक्टर जोडपं आणि मी. जायचं होतं शेटलंड बेटांवर. स्कॉटलंडच्याही वर, समुद्रात पार लांब फेकून दिल्यासारखी ही बेटं. आणि एवढा आटापिटा कशासाठी, तर सरांना एक पक्षी बघायचा होता. लाल मानेचा फॅलारोप. चिमणीपेक्षा थोडा मोठा, सुईसारखी चोच, आणि पाण्यावर बसून भोवऱ्यासारखा गरागरा फिरतो.

आता मी काय गिळलं ते सांगते. फॅलारोप त्या बेटांवरच्या दलदलीत अंडी घालतो खरा, पण जुलै सरला की उठतो आणि समुद्रावर निघून जातो. आपल्याकडे येणारे पाहुणे पक्षी हंगाम संपेपर्यंत मुक्काम ठोकून असतात. तिकडेही तसंच असणार, उलट उन्हाळ्याच्या शेवटी पिल्लांसकट जास्तच दिसतील, असं सरांनी आपलं धरून टाकलं होतं. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात ते तिथे पोचले असते, तर त्यांना दिसलं असतं नुसतं पाणी.

आणि मला तेच हवं होतं.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ग्रुपमध्ये नवी होते. रात्रभर वादळी पाऊस झाला होता, आणि सकाळी आम्ही सोनिवलीच्या जुन्या दगडखाणीवर गेलो. खाणीत तळं साचलेलं. बाकीचे टपरीवर वडापाव खायला पांगले. काठावर उरलो मी आणि दुर्बिणीला डोळा लावून उभे असलेले सर. आणि तो मला दिसला. एकटाच. डोळ्यामागे काळा पट्टा, आणि जागच्या जागी गरगर, गरगर. मी ओरडले, "सर, फॅलारोप! तो बघा, समोर!" सरांनी दुर्बीण त्या बाजूला वळवली. चांगलं मिनिटभर बघितलं. मग म्हणाले, "मला नाही दिसला."

आमच्या ग्रुपचा नियम असा, की नवा पक्षी दिसला तर नोंदवहीत लिहायला दुसऱ्या कुणाचा तरी दुजोरा लागतो. एकाने बघितलेलं धरत नाहीत. सगळे परत आल्यावर सर हसत म्हणाले, "मॅडमना फॅलारोप दिसला म्हणे, सोनिवलीत! अहो, तो तुतवार असेल. भूक लागली की असं होतं. त्यांना आधी वडापाव द्या."

सगळे हसले. ताई तर खोकेपर्यंत हसल्या. तुतवार काठाकाठाने शेपूट हलवत चालतो, असा पाण्यात बसून भोवरे मारत नाही, हे पाचवीच्या पोरालाही सांगता येईल. पण मी नवी, आणि सर ते सर. पुढे सरांनी बदलापूर परिसरातल्या पक्ष्यांची यादी छापली. त्यात माझा पक्षी नव्हता. वर कुणी नवखा काही भलतंच बघून आला की ग्रुपमध्ये म्हणायचे, "हा बघा, मॅडमचा फॅलारोप!"

आठ वर्षं! मी डूख धरला. हो, धरला. खोटं कशाला बोलू? नवरा म्हणायचा, "अगं, एवढ्याशा पक्ष्यावरून काय? सोड की आता." मला खोटारडी ठरवलं होतं, आणि हा म्हणे एवढासा पक्षी.

म्हणून मी मन लावून नियोजनाला लागले. विमानं, बोटी, राहायच्या जागा, सगळ्याची फाइल केली. उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात जाऊन थंडीचं जाकीट बघून आले. दुकानदार सिंधी काका म्हणाले, "मॅडम, जाना किधर है? बर्फ में?" मी म्हटलं, "एक आदमी को पानी दिखाने ले जा रही हूँ." ते हसले, त्यांना काय कळणार! घरी येताना मी मनातल्या मनात रंगवत होते: वाऱ्यात उभे सर, दुर्बिणीला डोळा, रिकामं तळं, आणि शेजारी मी. "मला नाही दिसला, सर. तुम्हाला?" हे वाक्य मी भांडी लावताना म्हणायचे, केस विंचरताना म्हणायचे. इतकं गोड लागायचं!

आणि एक दिवस सर व्हिसाचे कागद घेऊन शिरगावला माझ्या घरी आले. लिफ्ट बंद होती. तीन जिने चढून आले आणि धापा टाकत बसले. सही दोनदा चुकली. मग चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही आता. उजवा पुढच्या वर्षी किती साथ देईल, डॉक्टर सांगत नाहीत. तेवढा एक पक्षी डोळे भरून बघितला की झालं."

मला गलबलून आलं. खरंच आलं. तिकिटं अजून काढली नव्हती. मी फाइल उघडली, पेन घेतलं. ऑगस्टवर काट मारून जुलै लिहायचं, एवढंच तर होतं. "सर," मी म्हटलं, "तारखांचं जरा..."

पण सर आपल्याच नादात होते. चहाचा घोट घेत हसले आणि म्हणाले, "तुमचा तो सोनिवलीचा, तो खरा होता बरं का. मलाही दिसला होता. मस्त फिरत होता! पण परिसरातली पहिली नोंद एकदम नव्या बाईच्या नावावर, बरं नसतं दिसलं ग्रुपमध्ये. तुम्ही समजून घ्याल म्हणा."

समजून घ्याल म्हणा! जुना विनोद सांगावा तसं सांगितलं त्यांनी. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की पेन टेबलावर आपटलंच. फाइल मिटली. म्हटलं, "तारखा ठीक आहेत, सर." ते जिना उतरेपर्यंत मी दारात उभी होते. हात द्यायला गेले नाही.

आता खरं तर काहीच करायचं नव्हतं. गप्प बसलं की झालं. पण तेच मला सोसेना. दोन दिवस डाळीत मीठ पडलं नाही. माहीत असून गप्प बसायचं, आणि दुसऱ्याचं तोंड उतरलेलं बघायचं. हे तर त्यांनी केलं होतं. अगदी हेच! मला सूड हवा होता, पण त्यांच्यासारखं होऊन नको होता. आणि रिकाम्या तळ्याकाठी त्यांचं तोंड बघून माझा पक्षी थोडाच वहीत येणार होता? चारचौघांत माझी शोभा केली होती ना? मग फिटायचं तर चारचौघांतच फिटू दे.

पुढच्या रविवारी ग्रुपला मीच सोनिवलीच्या खाणीवर नेलं. कुणालाही टपरीकडे जाऊ दिलं नाही. काठावर उभं राहून शाळेतल्या आवाजात म्हटलं, "तारखा बदलायच्या आहेत. ऑगस्टमध्ये तिथे फॅलारोप नसतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जायचं."

"तुम्हाला काय माहीत?" ताई म्हणाल्या.

"आठ वर्षं त्याचाच अभ्यास करतेय. इथे दिसला होता ना मला." कुणीतरी हसायला सुरुवात केली. मी थांबले नाही. "आणि सरांनाही दिसला होता. परवा माझ्या घरी चहा घेताना त्यांनीच सांगितलं."

सगळ्यांच्या माना सरांकडे वळल्या. सर दुर्बिणीचा स्क्रू उगीचच फिरवत होते. मी पिशवीतून ग्रुपची नोंदवही काढली. तारीख, जागा, पक्षी, माझं नाव, सगळं घरूनच लिहून आणलं होतं. शेवटचा रकाना तेवढा कोरा होता.

"सर," मी म्हटलं, "दुजोरा?"

ते पुन्हा स्क्रूकडे वळले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जाऊ दे ना, मॅडम." मी जाऊ दिलं नाही. शेवटी सर खाली बघत म्हणाले, "हो. दिसला होता."

"लिहा," मी म्हटलं.

वाऱ्याने पान उडत होतं. मी त्यांच्या हातात पेन दिलं, पान एका बाजूने घट्ट धरलं. त्यांची सही तिथेही दोनदा चुकली. तिसऱ्यांदा नीट येईपर्यंत मी वही सोडली नाही.